मंडईच्या रात्रीची दोरी, ताडपत्री आणि मोबाईल

दिवाळी सरली, धान कापून बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोकळ्या झाल्या की भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा मंडई, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत होळीच्या आसपासपर्यंत हेच चालतं. नाटक कंपन्यांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात. गावात नाटक आणणाऱ्या मंडळाची माणसं तिथे जातात, नाटक ठरवतात, विसार देतात, तारीख पक्की करून येतात. या सगळ्यात बाई कुठे असते? विसार देताना नसते. रात्री मात्र समोर बसलेल्या गर्दीत निम्म्या बायाच असतात.

एरवी दिवेलागणीनंतर बाई रस्त्यावर दिसली तर ‘कुठं चालली?’ हे तिला तीन ठिकाणी ऐकावं लागतं: पानठेल्यावर, पारावर, आणि परत आल्यावर घरी. नाटकाच्या रात्री तीच बाई पोतं, कांबळ आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन गावकडेच्या आखरापलीकडच्या बांधीत पहाटे पाचपर्यंत बसते आणि कोणी चकार शब्द काढत नाही. सासूही सोबत असते, नणंदही. माहेरी आलेल्या लेकीबाळी असतात. वर्षात अशा रात्री दोन-चारच. त्या किती मोकळ्या जातील हे दोरी कुठे बांधली, दिवा कुठे टांगला आणि ताडपत्री किती आणली यावर ठरतं. म्हणून यंदा मंडळांनी काय करावं ते लिहितो आहोत. करमणुकीची चर्चा नंतर.

आधी जागा. मंडईच्या दिवशी घरोघरी पाहुणे. वडे तळायचे, कोंबडा शिजवायचा, भाताचं गंज उतरवायचं. पुरुषांची पंगत आठला उठते, बायांची साडेनऊ-दहाला. भांडी घासून, लेकरांना स्वेटर घालून बाई मांडवात पोहोचते तोवर पुढच्या रांगा भरलेल्या असतात. मग ती मागे बसते, मांडीवर झोपलेलं पोर, समोर उभ्या पोरांच्या पाठी. ‘बायांना जागा ठेवली होती, त्या आल्याच नाहीत’ असं मंडळ म्हणतं. आल्या होत्या, पण तुमचंच ताट वाढून आल्या.

याला उपाय साधा आहे. बायांच्या भागातल्या पुढच्या दहा रांगा साडेदहापर्यंत दोरीनं अडवून ठेवायच्या. पत्रिकेवर छापायचं आणि माईकवरून दोनदा सांगायचं. दोरी राखायला काठीवाले पोरगे नकोत, बचत गटातल्या चार बाया पुरतात. त्यांना कोणाची सून कोण, कोणाची आत्या कोण, सगळं ठाऊक असतं, त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालायची कोणाची छाती होत नाही. दोरी गुडघ्याएवढी बांधली की अंधारात माणसं अडखळून पडतात, म्हणून ती कमरेएवढी हवी. दर दहा फुटांवर बल्ली रोवायची आणि अधेमधे पांढऱ्या फडक्याच्या चिंध्या बांधायच्या, म्हणजे उजेड गेला तरी ती दिसते. दोन भागांच्या मधली वाट चार फूट ठेवा. दोन फुटांच्या वाटेतून येता-जाता धक्का लागतो, आणि तो प्रत्येक वेळी चुकून लागलेला नसतो.

बायांची बाजू डावी की उजवी, यावर उगाच वाद घालू नका. ज्या बाजूनं गाव जवळ आणि चहाचे ठेले, पानठेले लांब, ती बाजू बायांची. नवराबायको किंवा अख्खं कुटुंब एकत्र बसेल असा तिसरा भागही आखा. दोनच भाग असले की नवऱ्याजवळ बसलेल्या नव्या सुनेकडे नाटकभर माना वळतात. स्त्रीवाद मानणारे लोक वेगळ्या दोरीचं समर्थन कसं करतात, हा प्रश्न येतो आणि तो बरोबर आहे. आमचं म्हणणं एवढंच की दोरी पुरुषांना आत येण्यापासून अडवण्यासाठी आहे. बाईला पलीकडे जाऊन बसायचं असेल तर दोरी वाकवून जायला कोणी अडवायचं नाही. ज्या दिवशी ती आत कोंडणारी झाली त्या दिवशी सोडून टाका.

खुर्चीचं तिकीट महाग, म्हणून खुर्च्या पुरुषांच्या वाट्याला जातात. टोंगळे (गुडघे) धरलेल्या म्हाताऱ्या गार जमिनीवर सात तास बसतात. दोन रांगा खुर्च्या जमिनीच्या तिकिटात म्हाताऱ्यांना द्या. मंडळाचं फार नुकसान होत नाही.

उद्घाटनाचा सोहळा हा एक वेगळाच प्रकार आहे. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी असं पत्रिकेवर तीस नावांचं रान. सत्कारात तास-दीड तास जातो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत, त्यामुळे पुष्कळ गावांत सरपंच बाई असते आणि पत्रिकेवर तिचं नाव असतं. खुर्चीत मात्र बसतो तिचा नवरा, आणि हारही त्याच्याच गळ्यात पडतो. खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावा. ती आली नाही तर खुर्ची रिकामी राहू द्या. रिकामी खुर्ची गावभर दिसते. सगळा सोहळा पंधरा मिनिटांत आटपा.

आता ज्याबद्दल मंडळाच्या बैठकीत कोणी बोलत नाही ते. बाया संध्याकाळी सहापासून पाणी पीत नाहीत. कारण विचारायची गरज नाही. पुरुष धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, तोंड करून अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. बाईला दोघीतिघींची सोबत शोधून अंधारात धानाच्या पुंजण्यांमागे (ढिगांमागे) जावं लागतं. तिथे धसकटं पायात रुततात, साप-विंचवाचं भय असतं, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे तर वाघ. त्या भागात बाईनं झुडपाआड वाकून बसणं म्हणजे काय, हे वनखात्याच्या माणसाला विचारा. वाकलेली, बसलेली आकृती वाघाला माणसासारखी दिसत नाही, असं तो सांगेल.

तीनशे बाया येणार असतील तर निदान आठ खोपे करा. सलग चर एक फूट रुंद, दोन फूट खोल, लांबी बत्तीस फूट. दर चार फुटांवर ताडपत्रीची आडभिंत. चराच्या दोन्ही कडांना पाय ठेवायला विटा किंवा फळ्या, नाहीतर कडा ढासळते. खणलेली माती जवळच ठेवायची आणि तिच्यात एक डबा, म्हणजे प्रत्येकीला वरून माती टाकता येते. दोनशे लिटरचे दोन ड्रम पाणी, चार मग, साबण. झाकणाची एक बादली पॅडसाठी, आत जुना पेपर घालून. तिच्यावर काही लिहायची गरज नाही, बायांना कळतं. विहीर किंवा बोअर निदान शंभर फूट लांब हवी. मांडवापासून अंतर पन्नास-साठ पावलं. याहून जवळ असलं तर वास येतो, याहून लांब असलं तर कोणी जात नाही.

आडोसा करताना हमखास चुकतं ते हिरवं जाळीचं कापड वापरल्यानं. ते स्वस्त मिळतं, दिवसा त्यातून काही दिसत नाही, मंडळ खूश होतं. रात्री आत बल्ब लावला की त्याच कापडावर आतल्या बाईची सावली पडद्यावरच्या सिनेमासारखी दिसते. जुन्या साड्या बांधल्या तरी तेच होतं. म्हणून काळी किंवा निळी जाड ताडपत्रीच घ्यायची, आणि दिवा आत न लावता दहा फूट उंच बांबूवर, मधोमध, वरून खाली उजेड पडेल असा टांगायचा. सावली पायाखाली पडते, भिंतीवर येत नाही. दुसरी चूक उंचीची. सहा फूट आडोसा सपाट जमिनीवर ठीक, पण बांधी खोल असते आणि धुरा दोन-अडीच फूट उंच. धुऱ्यावर उभा राहिलेला पोरगा सहज आत पाहतो. एकतर धुऱ्यापासून वीस फूट लांब जागा घ्या, नाहीतर आडोसा आठ फुटांचा करा. दाराला नुसता पडदा सोडला तर वाऱ्यानं उडतो. दाराशी ताडपत्री एकावर एक दीड फूट येऊ द्या आणि खालच्या कडेला वीट बांधा.

आता हिशेब. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. साडी, शाल, सोबत पोर, पाणी, माती, सगळं धरून एकीला दोन-तीन मिनिटं लागतात. एक खोपा पंधरा मिनिटांत पाच ते सात बायांना पुरतो, आठ खोपे चाळीस ते छप्पन्न जणींना. बाकीच्या रांगेत उभ्या असतानाच तिसरी घंटा वाजते. म्हणून कंपनीच्या व्यवस्थापकाला आधीच सांगा: मध्यंतर अर्ध्या तासाचं, आणि त्याआधी-नंतर डान्सच्या वेळी माईकवरून सांगायचं की जायचं असेल तर आत्ता जाऊन या. वाटेवर दोन दिवे आणि चराच्या तोंडाशी दोन बाया, एवढ्यानं भागतं.

नाटक कधी संपावं यालाही महत्त्व आहे. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं यामागे एक शहाणपण आहे: शेजारच्या गावचे लोक उजाडल्यावर चालत घरी जातात. अडीचला पडदा पडला तर बायांसाठी ती सगळ्यात वाईट वेळ. गर्दी फुटते, दारू प्यायलेले वाटेवर असतात आणि मंडळ डिझेल वाचवायला जनरेटर लगेच बंद करतं. पडदा पडल्यावर निदान एक तास वाटेवरचे दिवे सुरू ठेवा. बायांची ट्रॉली वेगळी करा आणि ती शेवटची बाई बसल्यावरच हलवा.

रंगमंचामागची गोष्ट याहून नाजूक. एकेकाळी दंडार, खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. आता कंपनीत तीन-चार ते सात-आठ बाया असतात: नायिका, आई, खलनायिका, डान्सर. रोज दुपारी गाडी निघते, रात्री नवं गाव, पहाटे परत. मंडळानं दिलेली ‘मेकअप रूम’ म्हणजे पुष्कळदा मागे ताणलेला एक पडदा, त्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बाया, वर आभाळ. आभाळ उघडं असलं की पोरं ट्रॅक्टरवर, झाडावर चढतात. म्हणून बायांची खोली वरूनही ताडपत्रीनं झाकलेली हवी, दार रंगमंचाच्या बाजूला हवं आणि दिव्याचं बटण आत. कपडे बदलून झाल्यावर दिवा मोठा करता यावा, बदलताना बारीक. जवळच्या एखाद्या घरचं शौचालय त्या रात्रीसाठी मागून घ्या. त्या घरच्या बाईला भेटून, चावी तिच्याकडूनच घेऊन. घरधन्याशी ठरवलं तर तो रात्री नाटकाला येतो आणि कडी आतून लावलेली राहते.

बक्षिसाची पद्धत बदला. शंभराची नोट दिली की माईकवर नाव पुकारतात, हे ठीक आहे. नोट डान्सरच्या हातात द्यायला रंगमंचावर चढणं आणि तिथून हात न सोडणं, गोंधळ इथून सुरू होतो. रंगमंचाच्या एका कोपऱ्यात डबा ठेवा आणि जवळ मंडळाचा एक माणूस बसवा. नोट डब्यात, नाव कागदावर. नाव पुकारलं जातंच, म्हणून देणाऱ्याची हौस भागते. नाटक संपल्यावर ‘भेट’ मागणारे देणगीदार असतातच. ती भेट होणार नाही हे करारनाम्यात एका ओळीत लिहून घ्या, म्हणजे व्यवस्थापकाला त्याच्यापुढे करायला कागद असतो.

पोस्टरवर पुरुष नटाला ‘विनोदसम्राट’, बाईला ‘नृत्यबिजली’ आणि ‘दिलखेचक अदा’. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीची मान उंचावली. त्याच रंगमंचावर तीन तास आईची भूमिका ओढून नेणाऱ्या बाईचं नाव मात्र पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात. विनोदी जोडीच्या जागा बहुतेक ऐनवेळी जुळवलेल्या असतात, संहितेत नसतात. त्यामुळे ‘जाडी बायको, पळालेली बायको’ यापलीकडे काही आणा, असं विसार देतानाच सांगता येतं. पैसे देणाऱ्याचं कंपनी ऐकते. बायाही त्या विनोदांना हसतात, हे खरं आहे. सासू शेजारी बसलेली असताना न हसून सांगता कोणाला?

नाटक पहाटे संपतं, मोबाईलवर ते पुढे चालूच राहतं. रंगमंचाच्या कडेला बसून खालून वर धरलेला मोबाईल, वीस सेकंदांचा डान्स, खाली घाण कॉमेंटा, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड. त्या बाईला पुढच्या गावात लोक तेवढ्याच वीस सेकंदांवरून ओळखतात. नियम असा करा: चित्रीकरण एकाच जागेवरून, प्रेक्षकांच्या मागे मधोमध तिकाटण्यावर, मंडळानं नेमलेल्या माणसानं. पुढच्या दहा फुटांत मोबाईल उचलायचा नाही. अपलोड करायचं तर कलाकारांना विचारून, आणि अख्खं नाटक. यूट्यूबवर कॉमेंटा तपासणीसाठी अडवून ठेवायची सोय आहे आणि नको ते शब्द अडवायची यादीही देता येते. त्या यादीत शिवी मराठी अक्षरांत घाला, रोमन अक्षरांत घाला आणि झाडीबोलीतली वेगळी घाला. यंत्राला आपली बोली कळत नाही, त्यामुळे सगळ्यात वाईट तेच शब्द सुटून जातात.

व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनची जबाबदारी किती? गोंदिया जिल्ह्यातलंच एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. ग्रुपमधल्या एका सदस्यानं त्याच ग्रुपमधल्या बाईबद्दल घाण लिहिलं आणि अॅडमिननं त्याला काढलं नाही. २०२१ मध्ये न्यायालयानं अॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्यांनी लिहिलेल्याला, दोघांचा संगनमताचा हेतू दिसत नसेल तर, अॅडमिन जबाबदार नाही. गावोगावच्या अॅडमिनांनी एवढंच लक्षात ठेवलं. पण २०२२ पासून अॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, हेही त्यांनी लक्षात ठेवावं. कायद्यानं शिक्षा होत नाही म्हणून ‘माझ्या हातात काय आहे’ म्हणायची सोय आता उरली नाही.

कायद्याचं थोडक्यात. कपडे बदलणाऱ्या किंवा शौचाला गेलेल्या बाईचं चोरून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा गुन्हा आहे: पहिल्यांदा एक ते तीन वर्षं, पुन्हा केला तर तीन ते सात. तिनं चित्र काढू दिलं पण पसरवायला संमती दिली नव्हती, तरी पसरवणं गुन्हाच. रंगमंचावरचा डान्स या कलमात बसत नाही. तिथे शब्द, हावभाव यांनी बाईचा अपमान करण्याचं कलम ७९ बघावं लागतं. पुरावा ठेवताना क्लिपचा दुवा, नंबर, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. ‘बघा काय चाललंय’ म्हणून क्लिप दहा जणींना पाठवू नका, त्यानं ती आणखी दहा ठिकाणी पसरते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर होते आणि कोणत्याही पोलीस ठाण्यात होते. ‘आमच्या हद्दीत नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही. रोज नव्या गावात असणाऱ्या कलाकार बाईला याचा फार उपयोग आहे.

कंपन्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती मागतो. नट, वादक, पडदेवाले, गाडीवाला धरले तर कंपनी सहज दहाच्या वर जाते. ‘आमच्याकडे नाइटवर काम आहे, नोकरी नाही’ ही पळवाट चालत नाही, कारण रोजंदारी आणि तात्पुरते लोकही कायद्यात येतात. मालकानं दिलेली गाडी हीसुद्धा कामाची जागाच, म्हणजे पहाटेच्या त्या गाडीतला मागचा बाकही. समितीची अध्यक्ष बाई, निदान निम्म्या सदस्य बाया, एक जण बाहेरचा. समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. वडशातल्या कंपन्यांशी करार करताना मंडळांनी ‘समिती आहे का?’ एवढं विचारलं, तरी एका हंगामात चित्र बदलायला लागेल. विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटी हिशेबाची बैठक. ती नाटकानंतर दोन-तीन दिवसांनी रात्री नऊला, मंदिरात, पुरुषांची होते, आणि पुढच्या वर्षीचं नाटक तिथेच ठरतं. ती दुपारी तीनला घ्या, ज्या दिवशी बचत गटाची बैठक असेल त्या दिवशी, ग्रामपंचायतीत. बायांना ‘नाटक कसं झालं’ असं विचारू नका, त्या ‘बरं झालं’ म्हणतील. विचारा: रांग किती लांब होती, कुठला दिवा गेला, कोणत्या बाजूनं पोरं आत घुसली, कितीला घरी पोहोचल्या. उत्तरं वहीत लिहा. आणि ताडपत्र्या धुऊन, वाळवून कोणाच्या घरी ठेवल्या तेही तारखेसह लिहा. दरवर्षी त्याच हरवतात, आणि मग ऐनवेळी हिरवी जाळी आणली जाते.